एकेचाळीस गुणांची हार

आमच्या वार्नुपिस गावाचा बास्केटबॉल संघ त्या हिवाळ्यात पहिल्या श्रेणीत सगळ्यात तळाला होता आणि मी त्या संघाचा कप्तान होतो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटायचं की शेवटी आम्ही कुठला तरी चषक उचलला असणार. नाही उचलला. आम्ही हरलो, परत हरलो आणि मोसम संपल्यावर दुसऱ्या श्रेणीत गेलो. तरीही आज कुणी मला विचारलं की वाइदोतास, तू आयुष्यात काय खेळलास, तर मी त्याच हिवाळ्याबद्दल बोलतो.

आमचा देश पुन्हा स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती. आमच्या गावात मोठं म्हणावं असं एकच, ते म्हणजे डेअरी. संघही डेअरीचाच. छातीवर करकोच्याचं चित्र, म्हणून सगळे आम्हाला करकोचे म्हणायचे. हॉल जुना होता, छपराखाली बारीक खिडक्यांची रांग. रेडिएटर सामन्याच्या दिवशीच गरम करायचे. सरावाला आम्ही लोकरीच्या टोप्या घालून पळायचो आणि चेंडू थंडीने इतका कडक व्हायचा, की दगड आपटल्यासारखा आवाज यायचा. रिंगखाली खेळणारा आमचा सेंटर ब्रोन्युस दोन मीटरच्या वर उंच, दारातून वाकून यायचा. तो म्हणायचा, "खाली तुम्हाला थंडी कमी लागते रे. इथे वर या म्हणजे कळेल."

मोसमाचे सुरुवातीचे सगळे सामने आम्ही हरलो. बाहेर हरलो, घरी हरलो. नोव्हेंबरात आमचे प्रशिक्षक रिमगौदास यांना पोलंडमधल्या एका क्लबाचं बोलावणं आलं आणि ते गेले. निरोप घ्यायलाही थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी डेअरीचे संचालक स्तुल्गिस यांनी मला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. संघ त्यांनीच हौसेने उभा केला होता.

"बस," ते म्हणाले. "मी संघ काढून घेतोय."

"कुठून?"

"लीगमधून. उरलेले सामने समोरच्यांना देऊन टाकू. दर सोमवारी कामगार मला विचारतात, साहेब, या वेळी कितीने? मी चीज विकतो, वाइदोतास. परवा विल्नुसचा दुकानदार माझं चीज हातात घेऊन हसत होता. चीजमध्ये हसण्यासारखं काय आहे?"

"साहेब, वसंतापर्यंत थांबा."

"आणि शिकवणार कोण? तुमच्याकडे यायला कोण तयार होईल?"

"आणतो मी," मी म्हणालो.

कुठून आणणार ते मला माहीत नव्हतं. पुढच्या आठवड्यात मी ओळखीच्या सगळ्यांना विचारलं. एकाची पाठ दुखत होती. दुसरा सरळ म्हणाला, की तुमच्या नादाला लागून मी माझं नाव का घालवू? तिसऱ्याने मला चहा पाजला, जुन्या सामन्यांच्या गोष्टी सांगितल्या आणि दारापर्यंत सोडताना म्हणाला, "गेनोवाइतेला विचारलंस का?"

मला वाटलं, थट्टा करतोय. पण परत येताना माझे पाय शाळेकडेच वळले.

गेनोवाइते आमच्या शाळेत खेळ शिकवायच्या. वय पन्नाशीच्या पुढे. तरुणपणी त्या राजधानीत, विल्नुसच्या महिला संघात होत्या आणि जुने लोक सांगायचे, की त्या पास कुठे देणार हे चेंडूलासुद्धा आधी कळायचं नाही. गुडघे गेले तेव्हा गावात येऊन शिक्षिका झाल्या. आमच्यातल्या निम्म्यांनी पहिला चेंडू त्यांच्याकडूनच हातात घेतला होता, त्यामुळे आम्हाला त्या बाईच. मी गेलो तेव्हा त्या सहावीच्या मुलींकडून पासचा सराव करून घेत होत्या.

"बाई, एक काम होतं."

त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "बूट काढ आधी. बाहेरच्या बुटांनी आत आलास."

मी तेहेतीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप. मी बूट काढले. मुली तोंडावर हात धरून हसल्या.

तास संपल्यावर बाकावर बसून मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"घरचे सामने मी पाहिलेत तुमचे," त्या म्हणाल्या. "मध्यंतराला दहाने मागे असलात की तुम्ही घरी निघून जाता. अंगं तेवढी मैदानावर राहतात."

"तुम्ही आलात तर जिंकू आपण?"

"नाही. उंची एकट्या ब्रोन्युसची आणि नेम एकट्या तौतविदासचा. बाकीच्यांना मी ओळखते. कुणीही आळशी नाही, पण तेवढ्याने या लीगमध्ये भागत नाही. हराल. पण समोरच्याला घाम फुटेल, एवढं मला करता येईल." मग त्या म्हणाल्या, "आणि एकही सामना सोडायचा नाही. हे त्या स्तुल्गिसला आधी सांग. मग मी येते."

मी सांगितलं, तेव्हा स्तुल्गिस साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बाई? पुरुषांच्या संघाला?"

"साहेब, तुमच्या मुलालाही त्यांनीच शिकवलंय."

"म्हणूनच तर भीती वाटते. तो अजून त्यांना बघून रस्ता बदलतो." मग ते म्हणाले, "बरं. वसंतापर्यंत."

पहिल्या सरावाला बाईंनी चेंडू कपाटातच ठेवले. दीड तास आम्ही बाजूला सरकत, मागे पळत, वाकून उभे राहत बचाव करत होतो. समोर कुणीच नव्हतं. ब्रोन्युस म्हणाला, "बाई, माझ्या गुडघ्यांचं जरा..."

"तुझ्या गुडघ्यांना मी तू सातवीत असल्यापासून ओळखते," बाई म्हणाल्या. "तेव्हाही शनिवारीच दुखायचे."

त्यांचा मोठा नियम एकच होता. चेंडू निसटला, बास्केट बसली, तर हात पसरून दुसऱ्याकडे बघायचं नाही. आम्हाला ती सवयच लागली होती. प्रत्येक बास्केटनंतर पाच माणसं पाच दिशांना हात पसरून उभी. बाई म्हणाल्या, "तुमचे हात बघून समोरच्याला कळतं की हे संपले. तेवढ्यात तो आणखी दोन गुण घेतो." ज्याचे हात पसरले तो बाकावर. पहिल्या सामन्यात मी कप्तान असून दोनदा बसलो.

आम्ही हरतच राहिलो. पण तीसने हरणारे आम्ही वीसने हरू लागलो, मग कधी पंधराने. डिसेंबरात एक सामना जिंकलोसुद्धा, आमच्या बरोबरीने तळाला असलेल्या संघाशी. त्या दिवशी इतकं बर्फ पडत होतं की हॉलमध्ये माणसं मोजकीच होती आणि त्यातली निम्मी आमच्या घरची. त्या विजयाबद्दल गावात आज कुणी बोलत नाही.

बाहेरच्या हॉलमध्ये बाईंना फार ऐकावं लागायचं. शाउलेई शहरात तर एका कोपऱ्यातली पोरं सुरुवातीपासून ओरडत होती, "मम्मी, भूक लागली! मम्मी, घरी चल!" बाई हाताची घडी घालून उभ्या, मान जराही वळवली नाही. दुसऱ्या हाफमध्ये एकाने आणखी काहीतरी घाण म्हटलं आणि ब्रोन्युस खेळ सोडून तिकडे निघाला. तो समोरून जाताना बाईंनी त्याच्या बनियनची कड पकडली.

"कुठे निघालास?"

"त्या टोपीवाल्याला दोन शब्द सांगून येतो."

"त्याचे किती फाउल झालेत?"

"कुणाचे? त्याचे?"

"त्याचा एकही नाही. त्यांच्या सात नंबरचे चार झालेत. दोन शब्द सांगायचेत ना, त्याच्या अंगावर जाऊन सांग."

ब्रोन्युस गेला. दोनच मिनिटांत सात नंबर पाचव्या फाउलवर बाहेर बसला. सामना आम्ही हरलो, पण परतताना बसमध्ये ब्रोन्युस सगळ्या वाटेने शीळ घालत होता.

जानेवारीत आमचा सामना समुद्राकाठी, क्लाइपेदाला होता. बंदराचा संघ त्या वर्षी जोरात होता. आमच्याच हॉलमध्ये त्यांनी आम्हाला सदतीस गुणांनी चेपलं होतं. दुपारी निघालो. अर्ध्याहून जास्त वाट कापली आणि जंगलाच्या पलीकडे आमच्या बसच्या इंजिनातून एक लांब उसासा निघाला आणि ती थांबली. ड्रायव्हर खाली वाकला, उठला आणि त्याने सिगारेट पेटवली. त्यावरूनच आम्ही समजलो.

जवळच्या शेतघरातून मी स्तुल्गिस साहेबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी आलं.

"अरे, बरं झालं की," ते म्हणाले. "थांबा तिथेच. न आलेल्या संघाचा निकाल वीस-शून्य लागतो. क्लाइपेदाशी वीसने हरणं म्हणजे आपल्या मानाने उत्तमच. गरम काहीतरी खा. मी दुसरी गाडी पाठवतो, घरी या."

मी परत येऊन निरोप सांगितला. खरं सांगायचं तर साहेबांचं म्हणणं पटण्यासारखं होतं. शेतघरातून तळलेल्या बटाट्यांचा वास येत होता आणि त्या घरच्या बाईने सगळ्यांना आत या असं सांगितलंही होतं.

बाई उठल्या. त्यांनी मफलर गळ्याभोवती दोनदा गुंडाळला.

"ब्रोन्युस, रस्त्यावर जाऊन उभा राहा."

"मी का?"

"तू लांबून दिसतोस."

तीन मोटारी त्याला बघून वेग वाढवून निघून गेल्या. एवढा मोठा माणूस बर्फात हात हलवतोय म्हटल्यावर मीही थांबलो नसतो. चौथा मासळीचा ट्रक होता, आतल्या गावांत हेरिंग पोचवून रिकामी पिंपं घेऊन बंदराकडे परत चाललेला. ड्रायव्हरने काच खाली केली.

"मी माणसं नेत नाही. मासे नेतो."

"आम्हीही गारठलेलेच आहोत," ब्रोन्युस म्हणाला.

ड्रायव्हर हसला आणि तिथेच आमचं काम झालं. आम्ही सगळे मागे पिंपांमध्ये दाटीवाटीने बसलो. बाई पुढे बसल्या. हा वाटेत विचार बदलेल, याच्याशी बोलत राहायला हवं, असं त्या म्हणाल्या. मागे अंधार होता आणि खाऱ्या मासळीचा वास असा, की श्वास घेताना जिभेवर चव यायची. आमच्यात सगळ्यात लहान तौतविदास, वीस वर्षांचा. तो माझ्या खांद्याला टेकून बसला होता.

"कप्तान," तो हळूच म्हणाला, "आपण का चाललोय?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "बाई पुढे बसल्यात म्हणून."

अंधारात कुणीतरी हसलं, मग सगळेच हसू लागले. आम्ही इतके हसलो की ड्रायव्हरने मागच्या पत्र्यावर ठोकून विचारलं, ठीक आहात ना.

हॉलवर पोचलो तेव्हा पंच घड्याळाकडे बघत उभे होते. उशीर झालेल्या संघाला जी थोडी मुभा असते तीही संपत आली होती. आम्ही बोळातच कपडे बदलले. पंचांनी विचारलं, अंग गरम करायला थोडा वेळ हवा का? बाई म्हणाल्या, "नको. खेळता खेळता होतील गरम."

चेंडू वर उडाला आणि बंदराचा एक खेळाडू माझ्या अंगाशी आला तो नाक मुरडूनच.

"काय खाऊन आलात रे तुम्ही?"

"खाऊन नाही," मी म्हणालो, "सोबत बसून आलो."

पहिली पाच मिनिटं त्यांच्यातलं कुणी आमच्या फार जवळ यायला तयार नव्हतं आणि तेवढ्या वेळात आम्ही चक्क पुढे होतो. मग त्यांना वासाची सवय झाली. मध्यंतराला आम्ही अठराने मागे होतो. कपडे बदलायच्या खोलीत बाईंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "कुणाला घरी जायचंय?" त्यांनी विचारलं. कुणालाच जायचं नव्हतं.

शेवटच्या काही मिनिटांत आम्ही जवळजवळ चाळीसने मागे होतो. त्यांनी त्यांची राखीव मुलं मैदानात उतरवली होती. लोक कोट घालायला लागले होते. त्या वेळी एक चेंडू कुणाच्या तरी बोटाला लागून बाहेर निघाला आणि ब्रोन्युस, तेहेतिसाव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यांसकट, त्याच्यामागे पळाला. त्याने लांब उडी घेतली, चेंडू आत ढकलला आणि स्वतः पहिल्या रांगेतल्या लोकांच्या मांडीवर जाऊन आडवा पडला. तौतविदासने तो चेंडू उचलून बास्केट केली. दोन गुण. त्या दोन गुणांचा कुणाला काही उपयोग नव्हता.

पण कोट घालणारे लोक थांबले. आधी ज्यांच्या मांडीवर ब्रोन्युस पडला होता त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग ती रांग, मग वरचे. सामना संपला तेव्हा अख्खा हॉल उभा होता. फलकावर फरक एकेचाळीसचा होता. आमच्यापैकी कुणीही हात पसरले नव्हते.

तो सामना रेडिओवर लागला होता. हे आम्हाला नंतर कळलं. ट्रकची, पिंपांची आणि ब्रोन्युसच्या उडीची हकिकत निवेदकाने सांगितली होती आणि वार्नुपिसच्या प्रत्येक स्वयंपाकघरात ती ऐकली गेली होती.

दुसऱ्या सकाळी साहेबांनी आम्हा दोघांना, बाईंना आणि मला, बोलावलं.

"न जाता वीसने हरला असता," ते म्हणाले. "जाऊन एकेचाळीसने हरलात. मला जरा समजावून सांगा."

बाई शाळेतून मधल्या सुट्टीत आल्या होत्या, गळ्यात शिट्टी तशीच. "साहेब, वीस-शून्य म्हणजे आम्ही आलोच नाही. आणि आम्ही तर गेलो होतो."

"लोकांना आकडा दिसतो, बाई."

"मग खाली जाऊन लोकांनाच विचारा."

साहेबांनी विचारलं की नाही माहीत नाही. पण आम्ही जिना उतरून डेअरीच्या अंगणातून चाललो होतो, तेव्हा दुधाच्या टाक्या धुणाऱ्या बायकांनी पाण्याचे पाइप बंद केले. एकीने ओरडून विचारलं, "काय कप्तान, ब्रोन्युसला लागलं नाही ना फार?" कितीने हरलात, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

पुढच्या घरच्या सामन्याला हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. लोक काळा पाव, धुरावर वाळवलेलं मांस, चहाचे थर्मास घेऊन तासभर आधी येऊन बसले होते. कुणीतरी पुठ्ठ्याची मोठी हेरिंग कापून आणली होती, ती सगळ्या हॉलभर डोक्यांवरून फिरत होती. आम्ही सहा गुणांनी हरलो. लोक शेवटपर्यंत बसले. मी त्या हॉलमध्ये लहानपणापासून खेळतोय, पण त्या दिवशी बाहेर पडताना माझी पाठ ताठ होती, हे बायकोने मला घरी गेल्यावर सांगितलं.

फेब्रुवारीत कौनासच्या एका मोठ्या संघाने तौतविदासला मागितलं. ते अव्वल तीनांत होते. असं बोलावणं आमच्या गावातल्या कुठल्याच खेळाडूला त्याआधी आलं नव्हतं. पोरगा आमच्या समोर येऊन उभा राहिला तो मान खाली घालूनच.

"मी नाही जाणार," तो म्हणाला. "मोसम संपू दे."

मी म्हणालो, "शाब्बास." बाकीच्यांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. त्याच्याशिवाय आमचे गुण निम्म्यावर आले असते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

बाई म्हणाल्या, "जाणार. सोमवारी जा. सकाळची गाडी चांगली."

मी त्यांना बाजूला घेतलं. "बाई, आपल्याकडे बास्केट करणारा तेवढा एकच आहे."

"म्हणूनच त्याला बोलावलंय. तुला बोलावलं नाही."

"आपण एकही सामना जिंकणार नाही मग."

"वाइदोतास, दर जूनमध्ये माझी आठवी निघून जाते. चांगली उंच झालेली, सगळं शिकलेली मुलं. सप्टेंबरात परत बुटक्या पोरांना घेऊन सुरुवात. मी त्यांच्यापैकी एकाला तरी धरून ठेवलं असतं, तर तू अजून माझ्या आठवीत असतास."

तौतविदास गेला. स्टेशनवर आम्ही सगळे होतो. त्याच्या आईने सगळ्या डब्याला पुरेल एवढा केक भाजून दिला होता. बाईंनी त्याला एवढंच सांगितलं, "डाव्या हाताचा सराव सोडू नकोस."

त्यानंतर आम्ही एकही सामना जिंकलो नाही. ज्यांना आयुष्यात कुणी बास्केटकडे बघूही दिलं नव्हतं अशांनी नेम धरायला सुरुवात केली. मी स्वतः मागच्या दहा वर्षांत घेतले नव्हते एवढे फटके घेतले. आम्ही आठने हरलो, अकराने हरलो, एकदा जादा वेळेत दोनने हरलो. एप्रिलच्या आधीच आम्ही खालच्या श्रेणीत जाणार हे ठरून गेलं. हॉल मात्र भरत राहिला.

शेवटचा घरचा सामना कौनासशीच होता. त्यांना तिसरा क्रमांक टिकवायला विजय हवा होता, आम्हाला काहीच मिळणार नव्हतं. खिडक्यांच्या कठड्यांवर पोरं चढून बसली होती. कौनासच्या खेळाडूंची नावं पुकारली जात होती आणि तौतविदासचं नाव आलं, तेव्हा आमच्या लोकांनी आमच्यापेक्षा जास्त टाळ्या त्याला वाजवल्या. पोरगा लाल झाला. त्याची आई दोन्ही बाजूंच्या बास्केटला टाळ्या वाजवत होती. शेजारच्या बाईने विचारलं, "तू नक्की कुणाच्या बाजूने?" तर म्हणाली, "आज विचारू नका मला काही."

आम्ही त्या दिवशी जसे खेळलो तसे आधी कधी खेळलो नव्हतो. कुठून आलं कोण जाणे. ब्रोन्युसने त्यांच्या दोन उंच गड्यांना रिंगच्या जवळ फिरकू दिलं नाही. मी तौतविदाससमोर होतो. त्याचं सगळं मला पाठ होतं, कुठे थांबतो, कुठून वळतो. पहिल्या हाफमध्ये त्याला चारच गुण मिळाले. मध्यंतराला बरोबरी. त्यांचे प्रशिक्षक घामाघूम होऊन टाय सैल करत होते, आणि बाईंनी आम्हाला नुसतं पाणी प्यायला लावलं. बोलण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं असं नाही. आमच्याकडे बघून त्यांनी बोलायचं टाळलं, असं मला वाटतं.

शेवटची काही सेकंदं उरली तेव्हा आम्ही एका गुणाने पुढे होतो. चेंडू त्यांचा. सगळ्या हॉलला माहीत होतं की तो तौतविदासकडे जाणार. तो आला. मी समोर. त्याने उजवीकडे झुकून दाखवलं, मी फसलो नाही. मग त्याने चेंडू डाव्या हातात घेतला. इतक्या वर्षांत तो त्या बाजूने कधी गेला नव्हता. मी एक पाऊल मागे राहिलो, तरी उडी मारली आणि माझी बोटं चेंडूच्या इतकी जवळून गेली की वारा लागला. बास्केट. भोंगा वाजला.

एका गुणाने हरलो.

तौतविदास उभा होता तिथेच खाली बसला. त्याच्या संघातले लोक त्याला उचलायला धावले आणि तो त्यांना हाताने दूर करत होता. मग बाई मैदानात आल्या. त्या कधी रेषेच्या आत यायच्या नाहीत.

"उठ," त्या म्हणाल्या.

"बाई, मी..."

"डावा हात छान झालाय. उठ. जिंकलेल्या माणसाने जमिनीवर बसायचं नसतं, तुझ्या लोकांना वाईट वाटेल." तो उठला. त्यांनी त्याच्या गालावर एक चापटी मारली, हलकीच, आणि आमच्याकडे वळल्या. "आणि तुम्ही. रांगेत. माना वर. कुणाची मान खाली दिसली तर उद्या सगळ्यांना पळायला लावीन."

"उद्या नाही जमायचं, बाई," ब्रोन्युस म्हणाला. त्याचे डोळे ओले होते. "मोसम संपला."

"मग परवा."

आम्ही रांगेत उभे राहिलो आणि एकेकाशी हात मिळवला. तेवढ्यात वरून सुरुवात झाली. टाळ्या नव्हत्या त्या, लोक लाकडी बाकांवर पाय आपटत होते, सगळे एका ठेक्यात, आणि त्या ठेक्यात म्हणत होते, "बा-ई, बा-ई." शाउलेईच्या पोरांनी मम्मी म्हणून हिणवलं तेव्हा ज्यांनी मान वळवली नव्हती, त्या बाईंना आता कुठे बघावं कळेना. शेवटी त्यांनी शिट्टी फुंकली. सवयीने सगळा हॉल गप्प झाला. निम्मा गाव त्यांचा विद्यार्थी. मग सगळे हसू लागले आणि त्याही हसल्या.

स्तुल्गिस साहेब त्या गर्दीत माझ्याजवळ आले. टोपी त्यांच्या हातात होती.

"एका गुणाने," ते म्हणाले.

"हो, साहेब."

"काल तो विल्नुसचा दुकानदार आला होता. म्हणाला, हे त्या मासळीच्या ट्रकवाल्यांचं चीज ना? नेहमीपेक्षा जास्त घेऊन गेला." ते टोपीची कड फिरवत होते. "दुसऱ्या श्रेणीत प्रवास कमी असतो, नाही का? तेवढ्यासाठी बस दुरुस्त करून घेऊ."

बस दुरुस्त झाली. त्या शरदात दुसऱ्या श्रेणीचा पहिला सामना आमच्याच हॉलमध्ये होता आणि आम्ही पंधराने जिंकलो. दुसऱ्या दिवशी सरावाला बाईंनी चेंडू कपाटातच ठेवले आणि दीड तास आमच्याकडून बचाव करून घेतला.